‘वाहन आपल्या जबाबदारीवर लावा’ या पाटीआड मालकाला उभं राहता येतं का?

पत्र:

ताई, पारोळा-एरंडोल रोडवर माझं फॅमिली गार्डन हॉटेल आहे. वर आठ खोल्यांचं लॉजिंग. बारा वर्षं झाली. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या शनिवारी रात्री साडेनऊला सुरतेकडून एक कुटुंब आलं. बाई भुसावळला माहेरी निघालेल्या. पुढे जागा नव्हती म्हणून आमच्या पोऱ्याने त्यांच्याकडून चावी घेतली आणि गाडी मागे निंबाखाली लावली. पाऊण तासाने जेवून आले तर मागची काच फुटलेली, सीटखालची बॅग गायब. बॅगेत साडेतीन तोळ्यांची पोत आणि सत्तर हजार रोख होते असं ते सांगतात. वाचमन नानांना गर्दी फार म्हणून मीच आत ताटं उचलायला बोलावलं होतं. मागचा हॅलोजन महिनाभर बंद होता. दिवाळीत त्याच जागी एका ट्रकचं डिझेल काढलं होतं, फेब्रुवारीत एका मोटारसायकलची डिक्की फोडली होती, पण तेव्हा कुणी पोलिसात गेलं नाही. माझ्या दाराशी मोठी पाटी आहे: ‘वाहने व मौल्यवान वस्तू आपल्या जबाबदारीवर ठेवाव्यात, मालक जबाबदार नाही.’ आता वकिलाची नोटीस आलीय, साडेपाच लाख मागतात. चोरी चोराने केली, माझा काय गुन्हा? ओळखीचे एक हॉटेलवाले म्हणतात, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र) फॉरमॅट करून टाक, कॅमेरे बंद होते म्हणून सांग. त्या रात्री आमच्या पोरांनी शेजारच्या पालावरच्या एका मुलाला संशयावरून धरलं, दोन-चार लगावल्या, पण त्याच्याकडे काही निघालं नाही. नानांचा पगार मी अडवून ठेवलाय. आई रोज एकच बोलते, ‘पाव्हना दारवर उना, मंग त्यानी राखन आपलीच शे.’ कायदाही असंच म्हणतो का?
— एक हॉटेलमालक, पारोळा तालुका

उत्तर:

भाऊ, बाकी सगळं नंतर. हे वाचताय तिथून उठा आणि आधी डीव्हीआरकडे जा. हार्डडिस्क भरली की जुन्या चित्रणावर नवं चढत जातं आणि त्या शनिवारची रात्र आपोआप पुसली जाते. तुम्ही फॉरमॅट केलं नाही तरी नुसतं बसून राहिलात तर परिणाम तोच. कॅमेरे बसवणाऱ्या मुलाला बोलवा, रात्री नऊ ते अकरापर्यंतचं सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्रण वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्या, मूळ हार्डडिस्क काढून ठेवा आणि डीव्हीआरमध्ये नवी टाका. दोन-तीन हजारांचं काम आहे. मग ठाण्यात लेखी अर्ज द्या की चित्रण माझ्याकडे आहे, तपासासाठी घेऊन जावं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

तुमच्या त्या ओळखीच्या हॉटेलवाल्यांचं ऐकू नका. न्यायालयात पुरावा म्हणून लागेल हे माहीत असताना ते मुद्दाम नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्यात इलेक्ट्रॉनिक नोंद स्पष्ट शब्दांत आली आहे. आज तुमच्यावर पैशाचा दावा आहे. डीव्हीआर पुसलात तर फौजदारी अंगाशी येईल, म्हणजे आगीतून फुफाट्यात. शिवाय एरवी चालू असलेले कॅमेरे नेमके त्याच रात्री बंद कसे, हा प्रश्न ग्राहक आयोगासमोर समोरचा वकील विचारणारच. त्यावर तुम्हाला उत्तर सुचणार नाही, मलाही सुचणार नाही. चित्रण पुरावा म्हणून चालायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. कोणत्या यंत्रातून, कुणी, कसं काढलं याचं ते प्रमाणपत्र असतं. त्याचा नमुना तुमच्या वकिलांकडे मिळेल.

आता तुमच्या आईच्या प्रश्नाकडे येते. तुमच्या सगळ्या पत्रात मला तीच ओळ सर्वांत महत्त्वाची वाटली.

कायदा तुमच्या आईइतका पुढे जात नाही. दुकानदार, हॉटेलवाला, लॉजवाला यांनी गिऱ्हाइकाला प्रत्येक गुन्ह्यापासून वाचवलंच पाहिजे असं आपल्याकडच्या कुठल्या एका कायद्यात लिहिलेलं नाही. चोर कुठून येईल हे तुम्हाला आधी कळत नाही, आणि तुम्ही पोलिसही नाही. पण लोकांना आपल्या जागेत बोलावून त्यांच्याकडून पैसे कमावणाऱ्याने शहाण्या माणसाइतकी काळजी घेतली पाहिजे, हे तत्त्व करार कायद्यात आहे, ग्राहक कायद्यात आहे आणि नुकसानभरपाईच्या जुन्या न्यायतत्त्वांतही आहे. काळजी किती घ्यायची हे ठरतं तुम्हाला आधीपासून काय ठाऊक होतं यावर. दिवाळीत डिझेल गेलं, फेब्रुवारीत डिक्की फुटली, जागा तीच, हॅलोजन महिनाभर बंद. म्हणजे निंबाखाली चोरी होते हे आखाजीच्या शनिवारी पारोळा तालुक्यात दोघांनाच पक्कं माहीत होतं: चोराला आणि तुम्हाला. गिऱ्हाइकाला माहीत नव्हतं. त्याने विश्वासाने चावी दिली आणि तुमच्या माणसाने गाडी नेमकी तिथेच लावली.

चावीवर मी इतका जोर का देतेय, त्याचं कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाचा १४ नोव्हेंबर २०१९ चा एक निकाल तुमच्या प्रकरणाच्या फार जवळ जातो. १९९८ साली दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एक पाहुणा रात्री अकराच्या सुमारास आला, मारुती झेनची चावी हॉटेलच्या माणसाकडे दिली आणि आत गेला. मध्यरात्रीनंतर बाहेर आला तर गाडी नाही. काही पोरं वेगळ्या गाडीतून आली होती. त्यांच्यातल्या एकाने टेबलावरची किल्ली उचलली आणि पाहुण्याची गाडी घेऊन पळाला. हॉटेलने दिलेल्या टोकनवर तुमच्या पाटीसारखाच मजकूर छापलेला होता: गाडी पाहुण्याच्या जबाबदारीवर, चोरी झाल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही. घटनेनंतर एकवीस वर्षांनी शेवटचा निकाल लागला आणि हॉटेल हरलं. न्यायालय म्हणालं, एकदा चावी घेतलीत की गाडी तुमच्या ताब्यात आली, आणि ती जशीच्या तशी परत करायची जबाबदारीही आली. तुमच्या किंवा तुमच्या नोकराच्या निष्काळजीपणाचं ओझं छापील ओळीने गिऱ्हाइकाच्या डोक्यावर टाकता येत नाही. आणि निष्काळजीपणा नव्हता हे आधी हॉटेलने दाखवायचं. गिऱ्हाइकाने पुरावे गोळा करत हिंडायचं नाही.

भारतीय करार अधिनियम १८७२ सालचा आहे. त्यात दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणाऱ्यावर कलम १५१ ने जे बंधन घातलंय ते असं की, तेवढ्याच आकाराची, प्रतीची आणि किमतीची स्वतःची वस्तू साधारण शहाणा माणूस जशी जपेल तशी ती जपायची. आता एकच प्रश्न स्वतःला विचारा. तुमची स्वतःची गाडी त्या रात्री अंधारात, निंबाखाली, वाचमनशिवाय लावली असती का? पत्रात लिहिलं नाहीत, पण मला वाटतं ती पुढे गल्ल्यासमोरच उभी असेल.

पार्किंगचे मी पैसेच घेत नाही, असं तुम्ही म्हणाल. त्या निकालात हाही मुद्दा निघाला होता. गाडी लावायची सोय आहे म्हणूनच लोक हॉटेलात थांबतात आणि त्या सोयीची किंमत जेवणाच्या बिलात आलेली असते, असं न्यायालयाने धरलं. तुमच्या फलकावर ‘भरपूर पार्किंग’ असं ठळक लिहिलेलं असेलच. हायवेवर दहापैकी नऊ ठिकाणी असतं.

म्हणून पाटी वाऱ्यावर गेली असंही नाही. गिऱ्हाइकाने स्वतःच गाडी लावली, चावी खिशात ठेवली, तुमच्या जागेत दिवे आहेत, माणूस आहे, आणि तरीही कुणी काच फोडली, तर पाटीला वजन येतं. सावध करणं हे मालकाचं कामच आहे. पण सावध करून झालं की मागच्या अंधाराला मोकळीक मिळते, असं नाही.

याच्या उलट बाजूचाही एक निकाल सांगते, म्हणजे तराजू कुठे झुकतो ते दिसेल. रेल्वेच्या डब्यात एका प्रवाशाने कमरेच्या पट्ट्यात एक लाख रुपये बांधले होते. झोपेत ते गेले. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा तिन्ही पातळ्यांवरच्या ग्राहक आयोगांनी त्याच्या बाजूने कौल दिला, पण जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उलटवला. जी वस्तू प्रवाशाने रेल्वेच्या स्वाधीन केलीच नव्हती आणि स्वतःच्या अंगावर बाळगली होती, तिच्या चोरीला रेल्वेची सेवा दोषी ठरत नाही, असं न्यायालय म्हणालं. तुमच्या बाकड्यावर बसून जेवणाऱ्याचं पाकीट शेजारच्याने मारलं, तर तुमची बाजू या रेल्वेसारखी. चावी घेतलेल्या गाडीच्या बाबतीत ती दिल्लीच्या हॉटेलसारखी.

मग साडेपाच लाख द्यायचे का? भाऊ, माझं मत सरळ सांगते. काचेचे पैसे, गाडी दुरुस्तीचे पैसे आणि त्या बाईला झालेल्या त्रासाबद्दल काही रक्कम तुमच्याकडून जाणार, आणि जायलाच हवी. सोनं आणि रोकड यांचं तसं नाही. बॅगेत पोत आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ज्या ऐवजाची कल्पनाच दिली नाही तो सोन्यासारखा जपायचा कसा, हा तुमचा रास्त बचाव आहे. इतका ऐवज सीटखाली ठेवून जेवायला जाणं ही त्यांचीही चूक आहे. पोत होती हे त्यांना सिद्ध करावं लागेल: सराफाची पावती, लग्नातले फोटो, बँकेतून रोकड काढल्याची नोंद. जळगावच्या सराफाकडून घेतलेली असेल तर पावती बहुधा निघेल; सासूने घातलेली जुनी पोत असेल तर कठीण. निकाल दोन्हीकडे जाऊ शकतो. म्हणूनच मी तुम्हाला कोर्टात लढत बसण्यापेक्षा मध्यस्थीकडे जायला सांगेन. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मध्ये आयोगापुढे आलेलं प्रकरण दोघांच्या संमतीने मध्यस्थीला पाठवायची सोय आहे.

या कायद्यातल्या काही गोष्टी नीट लक्षात ठेवा, कारण हॉटेलवाले नेमके इथेच फसतात. तक्रार जळगावच्या जिल्हा आयोगातच होईल असं समजू नका. ग्राहक आता स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करू शकतो, म्हणजे तुम्हाला सुरतेला हेलपाटे पडू शकतात. तक्रार करायला घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, तेव्हा चार महिने काही आलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. कोणत्या आयोगात जायचं ते गिऱ्हाइकाने भरलेल्या पैशावर ठरतं. तुमच्याकडचं बिल बाराशेचं असलं तर प्रकरण जिल्हा आयोगातच येणार आणि तक्रार करणाऱ्याला एक रुपयाही फी लागणार नाही. आयोगाची नोटीस मिळाल्यावर उत्तराला तीस दिवस, आणि आयोगाने दिलेच तर वर पंधरा. बस. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये सांगितलंय की पंचेचाळीस दिवसांनंतर उत्तर घ्यायचा अधिकार आयोगालाही नाही. नोटीस गल्ल्यातल्या खिळ्याला टोचून ठेवलेली आणि सेहेचाळिसाव्या दिवशी वकिलाकडे आलेली मी पाहिली आहे. तेव्हा मालकाची बाजू खरी असूनही ती कुणी ऐकली नाही. आत्ता आलेली नोटीस वकिलाची आहे, आयोगाची नाही. तरी तिलाही पंधरा दिवसांच्या आत नीट, नम्र आणि खरं उत्तर जाऊ द्या.

आणखी एक. त्या कुटुंबाने दावा सोडून दिला तरी त्यांच्या गाडीची विमा कंपनी सोडेलच असं नाही. ताजच्या प्रकरणात विमा कंपनीने गाडीमालकाला २ लाख ८० हजार दिले, आणि मग गाडीमालक आणि कंपनी दोघं मिळून हॉटेलवर गेले. तुमचाही हॉटेलचा विमा असेल तर एजंटला आजच लेखी कळवा. पॉलिसीत गिऱ्हाइकाच्या वाहनाचं, गिऱ्हाइकाच्या इजेचं काही आहे का ते बघा. बहुतेक जण फक्त आगीचा आणि गल्ल्याच्या चोरीचा विमा काढतात. गिऱ्हाइकाचं नुकसान त्यात कुठेच नसतं.

‘मालक जबाबदार नाही’ म्हणत हात वर करण्याचे दिवस आता मोठ्यांसाठीही राहिलेले नाहीत. बँकेच्या लॉकरचं बघा. लॉकरमध्ये काय ठेवलंय ते बँकेला माहीत नसतं, म्हणून जबाबदारीही नाही, असं बँका वर्षानुवर्षं सांगत आल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो युक्तिवाद मान्य केला नाही आणि रिझर्व्ह बँकेला नियम करायला सांगितलं. १ जानेवारी २०२२ पासून चोरी, दरोडा, आग किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे लॉकरमधलं गेलं तर बँकेला वार्षिक भाड्याच्या शंभर पट भरपाई द्यावी लागते. लॉकरच्या खोलीत येण्याजाण्याच्या वाटेवरचं कॅमेऱ्याचं चित्रण १८० दिवस जपून ठेवावं लागतं. तुमच्या हॉटेलला हा नियम लागू नाही. पण माझं ऐकाल तर मोठी हार्डडिस्क घेऊन निदान महिनाभराचं चित्रण राहील असं करा.

आता पालावरच्या त्या मुलाबद्दल. भाऊ, तुमच्या पत्रातली ही ओळ वाचून मी कागद खाली ठेवला. तुम्ही ती अगदी ओघात लिहून गेलात. १ जुलै २०१८ ला, रविवारी, बाजाराच्या दिवशी, आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मंगळवेढ्याकडून भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती. संशय म्हणजे काय होता? अनोळखी चेहरे आणि मोबाइलवर फिरणारी एक अफवा. तुमच्या पोरांच्या हातूनही असं काही झालं असतं. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ असं आपण बोलतो, पण पालावर राहणाऱ्यांच्या वाट्याला हे खरोखर येतं, आणि त्यांना कुणी वकीलही मिळवून देत नाही.

कुणी डोळ्यांदेखत अजामीनपात्र दखलपात्र गुन्हा करत असेल तर सामान्य माणसालाही त्याला पकडता येतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये तशी तरतूद आहे. पण विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. मारहाणीची परवानगी त्यात कुठेही नाही. आणि त्या मुलाला तर कुणी चोरी करताना पाहिलंही नव्हतं. उद्या सकाळी तुम्ही स्वतः त्याच्या पालावर जा. पोरांना पाठवू नका. त्याच्या आईबापांसमोर माफी मागा, दवाखान्याचा खर्च झाला असेल तर द्या. त्याने पोलिसात जायचं ठरवलं तर आडवे येऊ नका. हे मी वकील म्हणून सांगतेच आहे, पण त्याआधी माणूस म्हणून सांगते.

नानांचा पगारही आजच द्या. ताटं उचलायला त्यांना तुम्हीच आत बोलावलंत. मागे उजेड नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. रात्री जागणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात एक टॉर्च आणि एक काठी देऊन तुम्ही पार्किंग, गेट, जनरेटर आणि खरकटी ताटं असं सगळं त्याच्यावर सोपवता, आणि काही गेलं की खापर त्याच्याच डोक्यावर. कायद्याच्या नजरेत नोकराची चूक ती मालकाची चूक. इथे तर चूक नोकराची नव्हतीच. नानांना ठेवा, पण मागे गाड्या लावायच्या असतील तर गर्दीच्या वेळेला दुसरा माणूस लागेल. एजन्सीचा गार्ड घेणार असाल तर खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) अधिनियम २००५ प्रमाणे तिचा परवाना आहे का ते बघा, गार्डची पोलीस पडताळणी झाल्याचा कागद मागून घ्या. नुसता खाकी शर्ट घालून उभा केलेला माणूस हा तुमच्यासाठी आणखी एक धोका आहे.

निंबाखाली काय करायचं ते मी सांगायला नको, पण सांगते. हॅलोजन काढून एलईडीचे दोन फ्लड लावा, एक झाडावर, एक भिंतीवर, आणि दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, कारण आपल्याकडे वीज गेली की सगळ्यात आधी मागचीच बाजू अंधारते. झाडाच्या खालच्या फांद्या छाटा. कॅमेऱ्याला पानंच दिसत असतील तर तो असून नसल्यासारखाच. मागची वाट जिथून शेतात उतरते तिथे तारेचं कुंपण घाला. चावी घेणार असाल तर नंबरचं टोकन द्या आणि चावी कुलपाच्या पेटीत ठेवा. चावी सांभाळणार नसाल तर घेऊच नका, गिऱ्हाइकाला स्वतः गाडी लावू द्या. आणि पाटी बदला. ‘मालक जबाबदार नाही’ पुसून टाका आणि लिहा: ‘गाडीत दागिने, रोकड, लॅपटॉप ठेवू नका. ठेवायचे असल्यास गल्ल्यावर सांगून पावती घ्या.’ वेटरनेही ऑर्डर घेताना हे तोंडाने सांगावं. आखाजीला माहेरी जाणाऱ्या, लग्नसराईत निघालेल्या, कापसाचे पैसे घेऊन परतणाऱ्या माणसांनी तुमचं हॉटेल भरतं. त्यांच्याकडे ऐवज असतोच हे तुम्हालाही माहीत आहे आणि चोरालाही.

छोटी चोरीही यापुढे ठाण्यात नोंदवा. डिझेल गेलं तेव्हा ट्रकवाला घाईत होता, तक्रार न करता निघून गेला. पण जागा तुमची होती, कळवायला तुम्ही जाऊ शकला असता. तेव्हाच गस्तीची मागणी केली असती तर आज तुमच्या फाइलीत एक पोच असती, आणि आयोगासमोर ‘मी काय केलं’ याचं उत्तर म्हणून ती पुढे ठेवता आली असती.

वरच्या आठ खोल्यांबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच वाटते. वकिली सुरू केली तेव्हाची गोष्ट. एका तालुक्याच्या गावी तारखेला गेले होते, शेवटची एसटी चुकली आणि रात्रीपुरती एका लॉजवर खोली घेतली. दाराची कडी होती, पण ती ज्या कोयंड्यात बसायची त्याचा एक स्क्रू निघालेला होता. हाताने ढकललं की दार बोटभर उघडायचं. रात्री साडेअकराला कुणीतरी ते बोटभर उघडून पाहिलं. मी लोखंडी कॉट ओढून दाराला लावली आणि सकाळी सहापर्यंत तिच्यावर बसून राहिले. खाली काउंटरवर सांगितलं तर मॅनेजर म्हणाला, ‘मॅडम, काही झालं तर नाही ना?’ त्या स्क्रूची किंमत दोन रुपये असेल.

खोली भाड्याने देताना तुम्ही त्या माणसाला चार भिंती आणि एक दार विकता. त्या दाराची कडी, खिडकीची जाळी, बाथरूमच्या झडपेचे गज, जिन्यातला दिवा हे आज संध्याकाळी स्वतः हात लावून तपासा. प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र बघून रजिस्टरात नोंद झालीच पाहिजे, आणि ते रजिस्टर कुणीही चाळू शकेल असं काउंटरवर पडू देऊ नका. एकट्या बाईचा खोली नंबर रजिस्टरात वाचून कुणी वर जातो, अशी प्रकरणं होतात. मास्टर चावी कुणाकडे असते ते ठरवून टाका. स्त्रीच्या नकळत तिचं चित्रण करणं न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. ते तुमच्या नोकराने तुमच्याच खोलीत केलं तर तुम्ही कुठल्या तोंडाने ‘मला माहीत नव्हतं’ म्हणणार? माणसाच्या जिवाचा प्रश्न आला की न्यायालयं आणखी कडक होतात. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात आग लागून ५९ जण गेले. तिथे चोरी नव्हती, गुन्हेगार बाहेरून आला नव्हता. तरी तिकीट काढून आत आलेल्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकाचीच, आणि भरपाईही त्यालाच द्यावी लागेल, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं.

शेवटी त्या बाईंना फोन करा. तुम्ही अजून केलेला नाही असं पत्रावरून दिसतंय. नोटीस आली आणि तुम्ही गप्प झालात. विचारपूस केली म्हणजे दावा कबूल केला असं होत नाही. पैशाचं बोलणं वकिलांमार्फत होऊ द्या, फोनवर आकडा काढू नका, आरोप करू नका, आणि ‘तुम्ही बॅग ठेवलीच कशाला’ हे तर अजिबात नको. त्यांना सांगा की चित्रण जपून ठेवलंय, पोलिसांना दिलंय, तपास अधिकाऱ्याला भेटून आलोय, काच बसवण्याचा खर्च मी देतो. तपासाचं काय झालं ते दर पंधरा दिवसांनी कळवीन म्हणा, आणि मग खरंच कळवा. आणि फोन लावताना आईला शेजारी बसवा. त्या बाईंशी त्यांना बोलू द्या.